वस्तू क्रमांक तीन

गरीब माणसं साबण वापरत नाहीत, कारण त्यांच्याकडे साबण नसतो, असा निष्कर्ष स्वच्छता-कल्याण खात्याने दीर्घ अभ्यासाअंती काढला. अभ्यासासाठी नेमलेली समिती एका थंड हवेच्या ठिकाणी मुक्काम करून आली होती, कारण अंगाला घाम असताना स्वच्छतेचा विचार नीट होत नाही. निष्कर्ष हाती आल्यावर मात्र खात्याने वेळ दवडला नाही. गरजू कुटुंबांना दरमहा मोफत स्वच्छता-संच द्यायचं ठरलं. पहिली वस्तू साबण, दुसरी टूथपेस्ट, इथपर्यंत बैठक झरझर पुढे सरकली.

तिसऱ्या वस्तूपाशी ती अडली. अध्यक्षांनी वर पंख्याकडे पाहिलं, सचिवांनी पुसण्यासाठी चष्मा काढला आणि समितीतल्या एकुलत्या एक बाई आपल्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. वस्तू बायकांची होती, दर महिन्याची होती, आणि ती लागते याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. प्रश्न एवढाच होता की नाव कोणी घ्यायचं. शेवटी टिपण घेणाऱ्या लिपिकानेच तोड काढली. त्याने लिहिलं, 'वस्तू क्रमांक तीन'. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि चहा मागवण्यात आला.

वस्तीच्या तोंडाशी एक बंद पडलेलं पोस्ट होतं. त्याच्या मागच्या खोलीत संच वाटपाचं केंद्र उघडलं. पोस्टाची जाळीची खिडकी तशीच ठेवली, तिच्यामागे एक टेबल, एक तराजू आणि एक भांडारप्रमुख बसवला. भांडारप्रमुख स्वभावाने वाईट नव्हता. त्याला फक्त कोणावर विश्वास ठेवायची परवानगी नव्हती.

पहिल्याच दिवशी रांगेत पहिली होती पावतीबाई. हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण हाती आलेला शिक्क्याचा कुठलाही कागद ती जन्मभर जपून ठेवी, म्हणून वस्तीने तिचं हे बारसं केलं होतं. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका लाँड्रीत ती कामाला होती. दिवसभर कोपरापर्यंत फेसात असायची, आणि संध्याकाळी फाटकावरचा पहारेकरी तिची पिशवी उलटी करून साबणाचा चुराही बाहेर जात नाही ना, हे पाहायचा. घरी ती हात राखेने घाशी. अख्ख्या वस्तीत सरकारवर विश्वास ठेवणारी ती एकटीच. शेजारणी तिची टिंगल करत, तर ती म्हणे, "छापलंय ना? मग होणार."

तिचा सगळा जीव मुलीत होता. मुलगी मोठ्या इस्पितळात परिचारिकेचं शिक्षण घेत होती आणि त्या घरात पांढराशुभ्र गणवेश घालून बाहेर पडणारी ती पहिलीच. पण पांढऱ्या गणवेशात दर महिन्याचे चार दिवस जुन्या कापडावर काढणं अवघड होतं. एकदा वॉर्डातून दरवाजापर्यंत पोरगी भिंतीला पाठ लावून आडवी-आडवी चालत आली, तेव्हापासून ती ते दिवस घरीच राहू लागली. दुकानातून पाकीट आणायचं तर चूल थांबवावी लागे. आणि मेट्रनचा नियम साधा होता: खाडे फार झाले की नाव पटावरून कमी.

"का येत नाहीस?" मेट्रनने एकदा विचारलं.

"पोटात दुखतं," मुलगी म्हणाली.

मेट्रन स्वतः बाईच. तिला सगळं कळलं. तिने हजेरीत लिहिलं, 'किरकोळ आजार'.

त्यामुळे पहिला संच घरी आला तेव्हा पावतीबाईने तो देवासारखा फळीवर ठेवला. मुलीने त्यातली तिसरी वस्तू उचलली आणि आईला मिठी मारली. त्या महिन्यात एकही खाडा झाला नाही. मेट्रनने सगळ्या वर्गासमोर तिची पाठ थोपटली. पावतीबाई लाँड्रीत दोन दिवस कारण नसताना हसत होती.

मग खात्याच्या कानावर आलं की गरीब लोक साबण विकतात. विकताना कोणी पाहिलं नव्हतं. पण मोठ्या साहेबांना शंका आली होती, आणि मोठ्या साहेबांची शंका म्हणजे निम्मा पुरावाच. लगोलग परिपत्रक निघालं: 'नवीन संच हवा असल्यास लाभार्थ्याने मागील संचातील प्रत्येक वस्तूचा वापरोत्तर अवशेष सादर करावा.'

"साबण?" भांडारप्रमुखाने जाळीतून विचारलं.

"संपला, साहेब."

"संपला म्हणजे गेला कुठे?"

"अंगाला लावला. पाण्याबरोबर गेला."

"असं तुम्ही म्हणता. पुरावा?"

"आंघोळ केलीय की, साहेब!"

भांडारप्रमुखाने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही स्वच्छ दिसता, हे मी नाकारत नाही. पण ही स्वच्छता आमच्याच साबणाने आली कशावरून?"

खरं तर पावतीबाईला प्रश्न रास्तच वाटला. पुढच्या वेळी तिने साबणाची पातळ चकती जपून ठेवली आणि कागदात गुंडाळून आणली. सगळ्या वस्तीने आणल्या. मग खात्याच्या ध्यानात आलं की चकती कुठल्याही साबणाची असू शकते. दुसरं परिपत्रक निघालं: साबणावर उठवलेला खात्याचा शिक्का अवशेषावर स्पष्ट वाचता यावा. लोक साबण उलटा धरून अंगाला लावू लागले. शिक्क्याच्या बाजूला पाणी लागलं म्हणून वस्तीत एका नवऱ्याने बायकोशी आठवडाभर अबोला धरला. मग तिसरं परिपत्रक आलं आणि त्यासोबत तराजूचा उपयोग सुरू झाला. अवशेष फार हलका असेल तर उधळपट्टी समजली जाईल. तेव्हा लोकांनी साबण भिजवणंच सोडलं. घरोघर फळीवर कोरे करकरीत साबण दिसू लागले. पाहुणे आले की मुलांना दटावत, "हात लावू नकोस, तो दाखवायचा आहे."

वर्षअखेरीस खात्याने अहवाल प्रसिद्ध केला. योजनेमुळे गरीब कुटुंबांना काटकसरीची सवय लागून एक साबण वर्षभर पुरू लागल्याचं त्यात नमूद होतं. मोठ्या साहेबांचा त्याबद्दल सत्कार झाला. टूथपेस्टचं त्या मानाने बरं चाललं होतं, तिची नळी तरी मागे उरायची.

उरली तिसरी वस्तू. तिच्या बाबतीत अवशेषाचा नियम सगळ्यात सुरळीत चालला. जाळीपाशी आलेल्या बाईची पहिल्या दोन वस्तूंची झडती संपली की भांडारप्रमुख मान खाली घाली आणि टेबलाला उद्देशून विचारी, "क्रमांक तीन?"

बाई पदर तोंडाला लावून मान हलवी.

"निरंक," भांडारप्रमुख लिही आणि सुटकेचा श्वास सोडी. दोघांपैकी एकालाही वर पाहावं लागत नसे. अहवालात या वस्तूसाठी वेगळा परिच्छेद होता: 'महिलांमध्ये झालेल्या जागृतीमुळे वस्तू क्रमांक तीनची गरज संपुष्टात आली आहे.' तिचे खोके भांडारात छतापर्यंत रचलेले होते. भांडारप्रमुखाने त्यांच्यावर चादर घातली होती.

इकडे मुलीचे खाडे पुन्हा सुरू झाले. मेट्रनने तिला बोलावून स्वच्छ सांगितलं, "प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आलीय. आता खाडा झाला तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

पोरगी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. पावतीबाईने तिच्या पाठीवर हात फिरवला, मग उठून पत्र्याची पेटी उघडली. पहिल्या संचातल्या तिसऱ्या वस्तूच्या पाकिटाचं वेष्टन तिने ठेवून दिलं होतं. त्यावर खात्याचा ठसठशीत शिक्का होता, आणि शिक्का असलेलं काही टाकणं तिच्या रक्तात नव्हतं.

"हा काय अवशेष!" ती म्हणाली. "वापरानंतर उरलेला. शिक्का वाचता येतो. नियमात चोख बसतंय बघ."

मुलगी दचकली. "आई, तू हे रांगेत, सगळ्यांसमोर दाखवणार?"

"मी काय चोरी करतेय? नियम त्यांचाच आहे."

"मग निदान झाकून तरी ने गं. माझी शपथ आहे तुला."

पोरीच्या समाधानासाठी पावतीबाईने कागदाचं ते वेष्टन घडी करून स्टीलच्या डब्यात ठेवलं, डबा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि वर्तमानपत्र काळ्या पिशवीत घातलं. तिला काय ठाऊक, एवढी झाकपाक केल्यावर आत काय असेल याबद्दल पाहणाऱ्याच्या मनात शंकाच उरत नाही!

खिडकीपाशी साबण दाखवून झाला, नळी दाखवून झाली. भांडारप्रमुखाने मान खाली घालून टेबलाला विचारलं, "क्रमांक तीन?"

"आणलाय," पावतीबाई म्हणाली आणि तिने डबा जाळीखालून आत सरकवला.

भांडारप्रमुखाचं पेन हातातून गळलं. "काय... काय आणलंय?"

"अवशेष, साहेब. उघडून दाखवते. शिक्का अगदी स्पष्ट आहे."

"नको!" तो खुर्चीसकट मागे सरकला. "हात लावू नका!"

"पण तपासायला लागेल ना? नियम आहे. वजनसुद्धा करा हवं तर." असं म्हणून तिने मदतीच्या भावनेने डबा उचलून तराजूत ठेवला. तराजूचा काटा हलला आणि भांडारप्रमुखाच्या तोंडचं पाणी पळालं. रांगेतल्या बायका आधी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग एकीला खुदकन हसू फुटलं आणि बघता बघता ते शेवटपर्यंत पसरलं.

आतून मोठे साहेब आले. ते त्या दिवशी पाहणीला आले होते आणि पाहणी चहापर्यंत पोचली होती. "काय गडबड आहे?"

"साहेब, या बाईंनी क्रमांक तीनचा अवशेष सादर केलाय," भांडारप्रमुखाने तराजूकडे न पाहता बोट दाखवलं.

मोठ्या साहेबांनी डब्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत पूर, आग आणि लेखापरीक्षण पाहिलेला माणूस, पण त्यांचीही पाचावर धारण बसली. "मग... तपासा."

"मी, साहेब? हा अधिकार माझ्या श्रेणीत येत नाही. तपासणी वरिष्ठांनी करावी असं परिपत्रकातच आहे."

"मी शाकाहारी आहे," मोठे साहेब म्हणाले. त्यांनाही आपण असं का म्हणालो ते कळलं नाही. "द्या हो बाईंना! द्या, द्या! दोन महिन्यांचं द्या! आणि तो डबा परत करा आधी!"

पावतीबाई पाकिटं घेऊन घरी आली आणि मुलीला म्हणाली, "बघ, नियमाने वागलं की सरकार ऐकतं. त्यांनी डबा उघडूनसुद्धा पाहिला नाही, एवढा विश्वास!"

दुसऱ्या दिवशी केंद्रापुढे डब्यांची रांग लागली. पावतीबाईचा डबा निदान खरा होता. बाकीच्यांनी आपापला न्याहारीचा डबा काळ्या पिशवीत घालून आणला होता. भांडारप्रमुख डोळे मिटून पाकिटं देत सुटला. आठवड्याभरात साबणासाठीही डबे येऊ लागले. बाईने शिक्का नसलेली चकती दाखवली आणि भांडारप्रमुखाने कपाळाला आठी घातली, की ती नुसती काळी पिशवी वर करी. लगेच नवा साबण मिळे. पुढे पुढे तर एका मिशीवाल्या गवंड्याने टूथपेस्टसाठी डबा आणला आणि भांडारप्रमुखाने त्यालाही काही न विचारता टूथपेस्ट दिली. कित्येक महिन्यांनी त्या वस्तीत पुन्हा साबणाचा वास सुटला. मुलीचे खाडे थांबले. तिने परीक्षेसाठी गणवेश कडक इस्त्री करून घेतला, आणि इस्त्री आईने लाँड्रीतल्या मोठ्या इस्त्रीवर, मुकादमाची नजर चुकवून केली.

भांडार मात्र रिकामं होऊ लागलं. वस्तू लोकांपर्यंत पोचतायत म्हटल्यावर खातं खडबडून जागं झालं. डबे उघडून तपासणारा कोणीतरी हवा, यावर सगळ्यांचं एकमत झालं. 'डबा उघडणी अधिकारी' असं पद मंजूर झालं, त्याला वेगळी खोली, हातमोजे आणि जोखीम भत्ता मंजूर झाला. जाहिरात निघाली. कामाचं स्वरूप या रकान्यात 'क्रमांक तीन संबंधी' एवढंच लिहिलं होतं. अर्ज भरपूर आले. मुलाखतीत काम समजल्यावर एकेक उमेदवार पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर गेला आणि परतला नाही. बायकांना नेमावं, अशी एक सूचना आली. पण मग त्यांना काम समजावून कोणी सांगायचं, इथे गाडी अडली.

अखेर मोठ्या साहेबांना मार्ग सापडला. जी वस्तू तपासता येत नाही ती देताही येत नाही, म्हणून वस्तू क्रमांक तीन योजनेतून वगळण्यात येत असल्याची नोटीस केंद्रावर लागली. अन्याय कोणावर होऊ नये म्हणून खाली जनसुनावणीची तारीख होती. हरकत असणाऱ्याने सभागृहात समक्ष उभं राहून ती नोंदवावी. आणि 'वस्तू क्रमांक तीन' हा क्रमांकच आता अस्तित्वात नसल्याने, हरकत नोंदवताना वस्तूचं नाव स्पष्ट उच्चारावं.

नोटीस वाचून बायका पांगल्या. एक म्हणाली, "सासरे येणार आहेत गं सुनावणीला." दुसरी म्हणाली, "माझी तर जीभच वळणार नाही." पावतीबाई एकटी नोटिशीपुढे उभी राहिली. मुलीची परीक्षा सुनावणीनंतरच्या आठवड्यात होती, आणि मुलीचे दिवसही त्याच आठवड्यात येत होते. घरात एकही पाकीट उरलं नव्हतं.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर मोठे साहेब, शेजारी पर्सवाल्या बाई, बाजूला तोच टिपण घेणारा लिपिक. "कोणाची हरकत?" मोठ्या साहेबांनी अशा सुरात विचारलं, की प्रश्न आणि निरोप एकाच वेळी व्हावा.

पावतीबाई उठली. मागून कोणीतरी खाकरलं. शेजारचा म्हातारा उठून बाहेर गेला.

"माझी आहे, साहेब. ती तिसरी वस्तू..."

"असा क्रमांक नाही. नाव सांगा."

तिने मागे वळून मुलीकडे पाहिलं. पोरगी मान खाली घालून बसली होती. मग तिने मान वर केली आणि आईकडे पाहून होकार दिला.

पावतीबाईने नाव सांगितलं. आपण भाजीचं नाव सांगतो तितक्या साधेपणाने, आणि शेवटच्या रांगेत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मग पुढे म्हणाली, "ते मिळालं नाही तर माझ्या लेकीची परीक्षा बुडेल. कापडावर होत नाही, साहेब. पांढरे कपडे असतात."

पर्सवाल्या बाईंनी पर्स बंद केली, जराशी उघडली, पुन्हा बंद केली. मोठे साहेब पंख्याकडे पाहत होते. "नोंद घेतली," ते म्हणाले. "निर्णय कळवू."

निर्णय आठ दिवसांत आला. त्याला सुनावणीचं इतिवृत्त जोडलेलं होतं. मुलीने ते मोठ्याने वाचलं: "श्रीमती अमुक यांनी टिंबटिंबटिंब मिळण्याची मागणी केली. तथापि, मागणीत वस्तूचा उल्लेख नसल्याने हरकत निकाली काढण्यात येत आहे."

"उल्लेख नसल्याने?" पावतीबाईला ते खरंच वाटेना. "अगं, मी सगळ्यांसमोर बोलले की!"

"हो, आई. मी ऐकलं." मुलीने कागद तिच्यासमोर धरला. "तो शब्द लिहायचा तिथे त्यांनी टिंबं दिलीयत."

जन्मात प्रथमच पावतीबाईने शिक्क्याचा कागद चुरगाळला. मग दोघी बराच वेळ एकमेकींना धरून रडल्या.

परीक्षेच्या दिवशी मुलगी तरीही गेली, जुन्या कापडावर गेली. दुपारी वॉर्डात मेट्रनने तिला बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात घरी जायला सांगितलं. हजेरीत लिहिलेलं कारण या वेळी वेगळं होतं. 'गणवेश अस्वच्छ' असं लिहून, स्वच्छतेच्या नियमाखाली तिचं नाव पटावरून कमी करण्यात आलं. आता ती आईबरोबर लाँड्रीत जाते. चादरींवरचे डाग काढण्यात तिचा हात चांगला बसला आहे, असं मुकादम म्हणतो.

त्या लिपिकाचा तुम्हाला राग आला असेल. येणारच. एवढा साधा, घराघरातला शब्द, लिहिला असता तर त्याच्या पेनाचं काय झिजलं असतं? पण मंडळी, ही गोष्ट तुम्ही पहिल्या ओळीपासून इथपर्यंत वाचलीत. तो शब्द हिच्यातही कुठेच आलेला नाही. वस्तू कोणती, ते तुम्हाला पहिल्याच पानावर कळलं, आणि नाव नाही म्हणून तुमचं कुठेही अडलं नाही. अडलं ते त्या मुलीचं.